भिंती परत मिळाल्या, झुंबरं नाही: ब्रिजटाउनच्या सेफार्दी प्रार्थनास्थळाची गोष्ट

ब्रिजटाउन म्हटलं की आपल्याला एकच गोष्ट आठवते, केन्सिंग्टन ओव्हल. वयस्कर मंडळींना १९६२ साली नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यावर आदळलेला चेंडू आठवतो, तरुणांना २९ जून २०२४ चा अंतिम सामना आणि सीमारेषेवरचा सूर्यकुमारचा झेल. बार्बाडोसच्या या राजधानीत, भर बाजारपेठेत, सिनेगॉग लेन नावाची एक गल्ली आहे. तिथे टोकदार कमानींच्या खिडक्यांची, फिकट गुलाबी रंगाची एक इमारत आणि तिला लागून जुनं दफनस्थान आहे. निदहे इस्राएल हे तिचं नाव. ज्यूंच्या सेफार्दी शाखेचं, म्हणजे मुळात स्पेन-पोर्तुगालमधून हाकलल्या गेलेल्यांचं, हे प्रार्थनास्थळ.

जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीवर आपल्याकडे जे बोललं जातं ते दगड, चुना, लाकूड आणि ओल यांच्याभोवती फिरतं. सामानाबद्दल कुणी बोलत नाही. पुण्यातल्या एका वाड्याचं काम चालू असताना मालकांनी मला विचारलं होतं, "माजघरातला झोपाळा आता कुठून आणायचा?" तुळईतल्या कड्या जागच्या जागी होत्या. झोपाळा आणि त्याच्या पितळी साखळ्या मात्र वीस वर्षांपूर्वीच मोडीत निघाल्या होत्या. मग जुन्या बाजारातून दुसऱ्या कुठल्या तरी घरातला झोपाळा आणला. लाकूड सुंदर, साखळ्या अस्सल, आणि कड्यांचं अंतर काही केल्या जुळेना. शेवटी साखळ्या तिरक्या लटकवून काम भागवलं. तो झोपाळा आजही हलताना एका बाजूला ओढतो.

ब्रिजटाउनचं प्रकरण मी त्या कड्यांमुळे वाचायला घेतलं. तिथेही प्रश्न तोच होता, फक्त कितीतरी मोठा. वास्तू हाती आली तेव्हा ती आतून पूर्ण रिकामी होती. सामान विकलं गेलं होतं, काही परदेशी गेलं होतं, आणि त्यातलं सर्वांत देखणं सामान कुठे आहे हे ठाऊक असूनही ते परत आणता येण्यासारखं नव्हतं.

इथे ज्यू आले कुठून

ब्राझीलच्या किनाऱ्यावरचं रेसिफे शहर सतराव्या शतकात काही काळ डच लोकांकडे होतं. डचांच्या राज्यात ज्यूंना उघडपणे धर्म पाळता यायचा, म्हणून ॲमस्टरडॅमचे पोर्तुगीज ज्यू तिथे जाऊन स्थायिक झाले आणि त्यांनी प्रार्थनास्थळही उभं केलं. जानेवारी १६५४ मध्ये पोर्तुगीजांनी रेसिफे परत घेतलं. पोर्तुगीज आले म्हणजे मागोमाग इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं, हे गोव्याचा इतिहास वाचलेल्याला वेगळं सांगायला नको. ही माणसं पुन्हा जहाजात बसली. काही ॲमस्टरडॅमला परतली, काही आजच्या न्यूयॉर्कला पोचली, काही इंग्रजांच्या बार्बाडोस बेटावर उतरली. निदहे इस्राएलची स्थापना १६५४ चीच धरतात.

नावाचा अर्थ आहे 'इस्राएलचे पांगलेले'. शब्द १४७ व्या स्तोत्रातले आहेत, आणि तिथे वाक्य एवढ्यावर थांबत नाही: परमेश्वर या पांगलेल्यांना गोळा करतो, असं ते पुढे जातं. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात दुसरा भागच असणार. पुढे जे घडलं त्याला मात्र पहिला भाग जास्त लागू पडला.

बेटावर ऊस होता. ऊस लावण्यापासून साखर काढण्यापर्यंतचं ज्ञान रेसिफेहून आलेल्यांच्या गाठीशी होतं, आणि ब्रिजटाउनच्या व्यापारात त्यांनी चांगला जम बसवला. आजची स्वान स्ट्रीट तेव्हा ज्यू स्ट्रीट म्हणून ओळखली जायची. ही साखर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या कष्टावर पिकत होती. प्रार्थनास्थळाच्या भिंतींत तोही पैसा आहे, हे ती वास्तू बघताना विसरून चालत नाही.

ऑगस्ट १८३१ च्या चक्रीवादळाने ब्रिजटाउन भुईसपाट केलं, त्यात पहिली इमारतही गेली. मंडळींनी दोन वर्षांत नवी बांधली आणि २९ मार्च १८३३ रोजी तिचा प्रारंभ केला. आज उभी आहे ती हीच. बार्बाडोसची इमारत म्हणजे प्रवाळाच्या चुनखडीचा दगड आणि प्रवाळच भाजून केलेला चुना. कोकणात जांभ्याचं जे स्थान, तेच तिथे या दगडाचं: खाणीत मऊ, हवेत आला की कठीण, आणि वरून सिमेंटचा लेप मारला की आतल्या आत कुजणारा.

एकच माणूस उरतो तेव्हा

ऊस पडला, व्यापार पडला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुटुंबं इंग्लंड-अमेरिकेकडे निघून गेली. ज्यूंच्या सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. नऊ झाले की वास्तू असून नसल्यासारखी. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिजटाउनमध्ये धर्म पाळणारा एकच ज्यू उरला होता, एडमंड बाएझा. १९२९ साली इमारत विकली गेली.

बाएझांना दोष देणं सोपं आहे. मला ते पटत नाही. एकट्या माणसाने वादळाच्या बेटावर एवढं छप्पर किती वर्षं राखावं? आपल्याकडे भाऊबंदांची चाळीस नावं सात-बारावर असलेली देवघरं पडतात. तिथे तर एकच नाव उरलं होतं.

सामान मात्र एका दिशेला गेलं नाही. पवित्र वस्तूंपैकी काही लंडनच्या बेव्हिस मार्क्सच्या, म्हणजे तिथल्या स्पॅनिश-पोर्तुगीज ज्यूंच्या मंडळीकडे गेल्या. बार्बाडोसच्या मंडळीचं ते एका अर्थाने माहेरच होतं. झुंबरं गेली अमेरिकेत. हेन्री फ्रान्सिस ड्यू पाँट हे डेलावेअरमधले गडगंज श्रीमंत संग्राहक, जुन्या अमेरिकी घरांचं सामान खोल्याच्या खोल्या भरून जमवणारे. ब्रिजटाउनची झुंबरं त्यांच्या विंटरथर या हवेलीत टांगली गेली, आणि १९५१ साली ती हवेली संग्रहालय म्हणून लोकांसाठी उघडली. झुंबरं आजही तिथेच आहेत.

ही चोरी नव्हती. विकणाऱ्याने विकली, घेणाऱ्याने पैसे मोजले. शिवाय विंटरथरला गेली म्हणून ती टिकली, नाही तर त्याच काळात किती पितळ भट्टीत गेलं असेल. पण वस्तू टिकणं आणि वस्तू आपल्या जागी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संग्रहालयात झुंबराखाली लोक थांबतात, वर बघतात, पुढे जातात. प्रार्थनास्थळात त्याच्या उजेडात पुस्तक वाचायचं असतं.

रिकाम्या इमारतीत मग कचेऱ्या आल्या. बाहेरून ती कशी दिसायची याची लोकांना हळूहळू सवय झाली आणि सवय झालेल्या गोष्टीकडे कुणी बघत नाही. शेजारच्या दफनस्थानात चारशेच्या आसपास थडगी होती, हिब्रू, पोर्तुगीज आणि इंग्रजीत कोरलेली. काहींवर आकाशातून आलेला हात कुऱ्हाडीने झाड तोडतो आहे असं चित्र कोरलेलं आहे, अकाली मेलेल्यांसाठी. युस्टेस शिल्स्टोन नावाच्या स्थानिक ख्रिस्ती वकिलाने या शिळांवरचा मजकूर एकेक करून उतरवून घेतला आणि १९५६ साली तो छापून आला. संवर्धनाच्या प्रकरणांत असा एखादा माणूस असतोच. समाजातला नाही, पैसेवाला नाही, फक्त वही घेऊन उन्हात बसणारा. पुढच्या सगळ्या कामाला पाया त्याच्या वहीचा.

१९८३

१९३१ साली पोलंडहून मोझेस ऑल्टमन नावाचे गृहस्थ बार्बाडोसला उतरले. निघाले होते व्हेनेझुएलाला, राहिले इथेच. त्यांच्यामागून पूर्व युरोपातली आणखी काही ज्यू कुटुंबं आली. हे सगळे अश्केनाझी, म्हणजे ज्यूंच्या दुसऱ्या शाखेचे होते. त्यांची भाषा यिडिश, हिब्रूचे उच्चार वेगळे, प्रार्थनेच्या चाली वेगळ्या. सेफार्दी ज्याला 'शब्बात' म्हणतात त्याला हे 'शाबेस' म्हणणारे. सिनेगॉग लेनमधली कचेऱ्यांची इमारत त्यांच्या पूर्वजांची नव्हती.

१९८३ मध्ये सरकारने ती इमारत ताब्यात घेतली. ती पाडून तिथे सर्वोच्च न्यायालयाची नवी इमारत बांधायचा बेत होता. तेव्हा मोझेस यांचे नातू पॉल ऑल्टमन आणि बेटावरची छोटीशी ज्यू मंडळी पुढे झाली. पंतप्रधान टॉम ॲडम्स यांच्यापर्यंत विषय नेला, आणि पाडायचा बेत मागे पडला. ॲडम्स मार्च १९८५ मध्ये पदावर असतानाच वारले. त्याच वर्षी इमारत जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या बार्बाडोस नॅशनल ट्रस्टकडे सोपवण्यात आली. पुढच्या वर्षी काम सुरू झालं आणि १९८७ मध्ये प्रार्थनास्थळ पुन्हा उघडलं. बार्बाडोसच्या टपाल खात्याने त्या निमित्ताने तिकिटंही काढली: एकावर इमारत, एकावर आतला भाग, एकावर दहा आज्ञांचा फलक, एकावर हात धुण्याचं संगमरवरी पात्र. वास्तूच्या दुरुस्तीवर तिकीट निघतं तेव्हा सहसा दर्शनी भाग छापून मोकळे होतात. इथे चारातली तीन तिकिटं आतल्या भागासाठी आहेत. काम करणाऱ्यांचं मन कुठे होतं ते यावरून कळतं.

या टप्प्यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मालकी समाजाकडे न जाता ट्रस्टकडे गेली. समाज किती दिवस टिकेल याची खात्री १६५४ मध्ये नव्हती, १९८५ मध्येही नव्हती. पुन्हा कधी एकच माणूस उरला, तरी विकायचा निर्णय त्याच्या एकट्याच्या डोक्यावर येणार नाही.

आधी उकल, मग मांडणी

भिंतींचं काम थोडक्यात आटोपतो, कारण ते अवघड असलं तरी अनोळखी नव्हतं. कचेऱ्यांसाठी आत केलेली भर काढायची, टोकदार कमानींच्या खिडक्या मूळ रूपात आणायच्या, छपराचं लाकूड, वरचा कठडा, गिलावा. १८३३ ची अवस्था हे उद्दिष्ट ठरलं. ते ठरवणंही सोपं होतं, कारण त्याआधीची इमारत वादळात गेलीच होती आणि नंतरची भर कुणालाच नको होती. आपल्या वाड्यांत असं सुख नसतं. पेशवाईतला चौक, त्यावर इंग्रजी काळातली गॅलरी, त्यावर १९६० चं मोझेक, आणि तिन्ही कुणाला ना कुणाला प्रिय.

खरा पेच हॉल मोकळा झाल्यावर सुरू झाला.

सेफार्दी प्रार्थनास्थळाचं सामान म्हणजे सजावट नव्हे, हे आधी समजून घ्यायला हवं. त्यात दोन जागा मुख्य. पूर्वेच्या, म्हणजे यरुशलेमच्या दिशेच्या भिंतीला हेखाल असतं. हे तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या ठेवायचं मोठं कपाट, वर दहा आज्ञांचा फलक, पुढे अखंड तेवणारा दिवा. त्याच्या समोर, खोलीच्या मध्यावर किंवा पार पश्चिमेला, कठडा घातलेला उंच चौथरा असतो. तो तेबा. तिथून प्रार्थना चालवतात आणि तोरा वाचतात. बाकं व्यासपीठाकडे तोंड करून नसतात. ती लांबीच्या दोन्ही भिंतींशी समांतर, एकमेकांकडे तोंड करून असतात आणि मधला पट्टा मोकळा राहतो. गुंडाळी हेखालातून काढून तेबापर्यंत नेताना ती याच पट्ट्यातून जाते, माणसं दोन्ही बाजूंनी मान वळवून तिच्याकडे बघतात.

हे डोळ्यांपुढे आणायचं तर वारकरी भजन आठवावं. टाळकरी दोन ओळींत समोरासमोर, मध्ये वाट, आणि त्या वाटेत वीणेकरी. सगळ्यांना एका दिशेला तोंड करून खुर्च्यांवर बसवलं तर अभंग तेच राहतील, भजन राहणार नाही.

आपल्या बेने इस्राएल मंडळींना यात काही नवल वाटणार नाही. त्यांचाही विधी सेफार्दी वळणाचा आहे आणि अलिबागच्या इस्राएल आळीत किंवा पनवेलला गेलात तर हेखाल आणि तेबा हेच शब्द ऐकू येतील.

तेव्हा ब्रिजटाउनला बाकं कशी मांडायची हा आवडीचा प्रश्न नव्हता. पण निर्णय घेणारे होते अश्केनाझी. इमारत वापरणार तेच. बाकं समोर तोंड करून मांडली असती तर कुणी हरकत घेतली नसती, जागाही जास्त मिळाली असती. त्यांनी मांडणी सेफार्दी ठेवली. म्हणजे आज तिथे जे घडतं ते असं: पोलंडच्या चालीवर प्रार्थना म्हणणारी माणसं ॲमस्टरडॅमच्या वळणाच्या खोलीत बसतात. माणसांनी खोलीशी जुळवून घेतलं. या प्रकरणात मला सर्वांत मोलाचा निर्णय हाच वाटतो. त्याला एक पैसाही खर्च आला नाही, म्हणून कुठल्या हिशेबात तो दिसणार नाही.

झुंबराची नक्कल

आता झुंबरं. ती कुठे आहेत ते माहीत होतं. मागायची की नाही, उसनी आणायची की नाही, असे मार्ग कागदावर होते. प्रत्यक्षात नक्कल करून घेतली. मूळ विंटरथरला, प्रतिकृती ब्रिजटाउनला.

नक्कल म्हटलं की आपण नाक मुरडतो. पण पितळी झुंबराची नक्कल कशी होते ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे. ॲमस्टरडॅमच्या १६७५ च्या आणि लंडनच्या १७०१ च्या सेफार्दी प्रार्थनास्थळांत डच घडणीची झुंबरं आहेत, त्यांचं उदाहरण घेऊ. मधोमध खांब, तळाशी पितळेचा मोठा पोकळ गोळा. गोळा नुसता शोभेचा नसतो. त्याच्या वजनाने सगळं झुंबर ओळंब्यात राहतं आणि त्याच्या चकचकीत पृष्ठावर वरच्या मेणबत्त्यांचा उजेड परतून खाली सांडतो. खांबाला थर असतात आणि प्रत्येक थरात खाचा. त्या खाचांत वळणदार फांद्या अडकवतात. फांद्या वरवर सारख्या दिसल्या तरी हाताने घासून बसवलेल्या असल्यामुळे प्रत्येक फांदी आपल्याच खाचेत नीट बसते. म्हणून कारागीर खाचेवर आणि फांदीवर जोडीच्या खुणा ठोकून ठेवतात. सणाआधी झुंबर उतरवून, फांद्या सुट्या करून घासायच्या आणि खुणा जुळवून परत लावायच्या. आपल्याकडे सागवानी चौकटीचे भाग सुतार असेच खुणा करून सुटे करतो.

याची नक्कल करताना सोपा मार्ग म्हणजे मूळ फांदीच वाळूत दाबायची, साचा घ्यायचा आणि ओतायचं. इथे फसगत आहे. वितळलेलं पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं. चाळीस सेंटिमीटरची फांदी ओतून निघाली की सहा मिलिमीटरने तोकडी भरते. गोळा, खांब, फांदी सगळंच थोडं थोडं लहान. छताला टांगल्यावर कुणाच्या लक्षात येणार नाही, पण मूळ फांदी नकलेच्या खाचेत घातली तर बसणार नाही. जुन्या पितळेचे जाणकार ओतून काढलेली नक्कल याच मापावरून ओळखतात. नीट नक्कल करायची तर आकुंचनाची सूट धरून लाकडाचा मोठा फर्मा वेगळा करावा लागतो. हे कुठल्याही ओताऱ्याला सांगावं लागत नाही. सांगावं लागतं ते पैसे देणाऱ्याला, कारण खर्च दुपटीने वाढतो आणि फरक डोळ्यांना दिसत नाही.

मेणबत्त्या की वीज, हा पुढचा वाद. ॲमस्टरडॅमला आजही हॉलमध्ये वीज नाही, हजारभर मेणबत्त्या लागतात. बेव्हिस मार्क्सची सात झुंबरं समारंभाला मेणबत्त्यांनी उजळतात. त्या दोन्ही ठिकाणी वापर कधी तुटलाच नाही, म्हणून त्यांना ते शोभतं. ज्या इमारतीत पन्नासेक वर्षं टंकलेखन यंत्रं चालली, तिने मेणबत्त्यांचा हट्ट धरला तर तो नाटकीपणा ठरेल, असं माझं मत. पण याबाबत माझ्याशी भांडणारे पुष्कळ भेटतील.

दुसऱ्याच्या घरचा झोपाळा

नक्कल हा एकमेव मार्ग नव्हता, हे यरुशलेमकडे बघितलं की कळतं. तिथल्या जुन्या शहरात चार सेफार्दी प्रार्थनास्थळं एकमेकांना चिकटून आहेत. रस्त्यापेक्षा त्यांची जमीन बरीच खाली आहे. १९४८ च्या युद्धात तो भाग जॉर्डनच्या हाती गेला. पुढची एकोणीस वर्षं वास्तू लुटलेल्या अवस्थेत राहिल्या, आत कचऱ्याचे ढीग साठले. १९६७ नंतर वास्तुविशारद दान तनाई यांनी दुरुस्ती केली आणि १९७२ मध्ये त्या पुन्हा उघडल्या.

तिथे सामान नव्याने घडवण्याऐवजी मुख्यतः इटलीतून आणलं. इस्तंबूली प्रार्थनास्थळात हेखाल आंकोनाहून आलं आणि तेबा पेझारोहून. एलियाहू हन्नाबीच्या प्रार्थनास्थळाला हेखाल मिळालं लिव्होर्नोचं. इटलीतल्या छोट्या गावांतले ज्यू समाज युद्धानंतर विरत चालले होते, त्यांची कोरीव कपाटं बंद खोल्यांत पडून होती. उंबेर्तो नाहोन नावाच्या गृहस्थांनी अशी कितीतरी हेखालं जहाजाने इस्राएलला आणवली. योहानान बेन झक्काईच्या प्रार्थनास्थळात मात्र नवं जोडहेखाल केलं आणि त्याच्या वर चित्रकार जाँ डेव्हिड यांचं आधुनिक भित्तिचित्र आलं.

म्हणजे तुळई एकाची, झोपाळा दुसऱ्याचा. लाकूड अस्सल, वय खरं, कोरीवकाम डोळे दिपवणारं. पण ते दुसऱ्या गावाच्या मरणाचं सामान आहे. त्या चौथऱ्यावर पेझारोच्या किती पिढ्यांचे हात टेकले असतील, आणि त्यांचं नाव तिथे बसणाऱ्याला ठाऊक असेलच असं नाही. मला दोन्ही पद्धतींत कुठलीच शुद्ध वाटत नाही. तरी निवड करायची झाली तर मी ब्रिजटाउनची करीन. प्रतिकृती निदान जुनी असल्याचा आव आणत नाही, आणि मूळ कुठे आहे ते बोट दाखवून सांगते.

मुंबईतल्या काळा घोड्याच्या केनेसेथ एलियाहूला हा पेच पडलाच नाही. १८८४ ची ती वास्तू बगदादी ज्यूंची, विधी सेफार्दी वळणाचा. मुंबईकर तिला निळं सिनेगॉग म्हणून ओळखायचे. २०१९ मध्ये विकास दिलावरी यांच्या देखरेखीखालची दुरुस्ती संपली, तेव्हा तो निळा रंग मूळचा नव्हता म्हणून गेला, आणि 'आमचं निळं सिनेगॉग गेलं' अशी हळहळ ऐकू आली. पण तिथे बाकं, तेबा, सज्जा जागेवर होते, कारण प्रार्थना कधी थांबली नव्हती. वापर चालू असणं हीच सामानाची सर्वांत स्वस्त राखण.

यादीत नसलेली वस्तू

ब्रिजटाउनचं सामान लागलं, प्रार्थना सुरू झाली, तरी काम संपलं नाही. आवारात एक वाहनतळ होता. धर्मगुरूंच्या, म्हणजे रब्बींच्या जुन्या घराचा पाया शोधायला २००८ मध्ये मायकेल स्टोनर यांच्या पथकाने तिथे खोदायला घेतलं. घराऐवजी पायऱ्या लागल्या. त्या खाली एका कुंडात उतरत होत्या. तो सतराव्या शतकातला मिकवे, शुद्धिस्नानाचं कुंड. त्याला पाणी भरून आणलेलं चालत नाही, जिवंत झऱ्याचं किंवा पावसाचं लागतं. खोदणाऱ्यांनी गाळ उपसला तर खालून झऱ्याचं पाणी आलं.

रेसिफेलाही असंच झालं होतं. त्या जुन्या प्रार्थनास्थळाच्या जागी २००० सालाच्या सुमारास खोदकाम झालं तेव्हा जमिनीखाली मिकवेच सापडला. ज्या गावातून निघाले आणि ज्या गावात पोचले, दोन्हीकडे वरचं सगळं गेलं आणि कुंड राहिलं. १९२९ साली ब्रिजटाउनचा मिकवे कुणाच्या नजरेत असता तर त्याची फरशीसुद्धा कदाचित कुठल्या तरी संग्रहालयात लागली असती. तो वाचला कारण तो बुजला होता.

त्याच २००८ मध्ये जुन्या शाळेच्या इमारतीत संग्रहालय सुरू झालं. २०११ मध्ये ब्रिजटाउनचा जुना भाग आणि तिथली लष्करी छावणी मिळून जागतिक वारसा यादीत गेले, त्यात हा परिसर आला. बेटावरचे ज्यू मात्र वर्षभर इथे येत नाहीत. रॉकली भागात त्यांचं शाआरे त्सेदेक नावाचं लहान, वातानुकूलित प्रार्थनास्थळ आहे. उन्हाळा तिथे काढतात. थंडीच्या महिन्यांत, हवा सुसह्य झाली आणि पर्यटकांमुळे दहाची संख्या भरायला लागली की शुक्रवारी संध्याकाळी सिनेगॉग लेनमध्ये जमतात, समोरासमोरच्या बाकांवर.